सुभेदारांचं पायदान

स्वतःच्याच घरात शिरताना खाकरणारा माणूस मी पहिल्यांदा पलूसला पाहिला. आणि नुसतं एकदा नाही. अंगणात खाकरायचं, सोप्यावर चढताना खाकरायचं, मधल्या दाराशी पुन्हा घसा खरवडायचा, मग कुठं पाऊल आत. माझी बँकेतली बदली साताऱ्याहून तिकडं झालेली आणि त्यांच्या पुढच्या खोलीत मी भाड्यानं राहायला आलेलो. मला वाटलं, घरमालकांना दमा आहे. मी आपला शहाणपणा करून अडुळशाचा काढा सुचवला. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "दमा न्हवं साहेब. आत धाकटी हाय."

धाकटी म्हणजे धाकट्या भावाची बायको. भाऊ फौजेत, कुठंतरी सरहद्दीवर. हे स्वतः सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळा गाव त्यांना सुभेदारच म्हणायचा, मीही तेच म्हणायचो. बायको तरुणपणीच गेली, पुन्हा लग्न केलं नाही. घरात म्हातारी आई, ही भावजय आणि हे. आता आमच्या भागात थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. भावजयीनं त्याच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यानं तिच्याकडं मान वर करून बघायचं नाही, दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. हात लागणं तर लांबच राहिलं. ही रीत तेव्हा गावोगाव सैल पडत चालली होती. शेजारपाजारचे दीर-भावजय चहा पीत खुशाल गप्पा मारत बसायचे. पण सुभेदारांनी ती फौजेच्या हुकमासारखी पाळली, आणि मी जिला वहिनी म्हणायचो त्या भावजयीनंही.

मग बोलणं कसं व्हायचं? सोप्याच्या लाकडी खांबामार्फत. सुभेदार जेवायला बसले की खांबाकडं तोंड करून म्हणायचे, "आज आमटी झक्कास झालीया, व्हय रं गड्या?" आतनं पळी वाजायची. म्हणजे ऐकलं. "उंद्या पावनं येनार हायती, भाकरी जादा लागत्याल, ध्येनात ठिव." खांबानं ध्यानात ठेवायचं. वहिनींना काही सांगायचं असलं तर त्या सासूला सांगायच्या, "आत्याबाई, राकेल संपलंया." म्हातारीला कमी ऐकू यायचं, त्यामुळं वहिनींना ओरडावं लागायचं आणि निरोप आपोआप सोप्यावर पोचायचा. मी आल्यावर खांबाची नोकरी मला लागली. "साहेब, त्यास्नी जरा सांगा," असं म्हणून सुभेदार सुरू व्हायचे, आणि ज्यांना सांगायचं त्या दारामागंच उभ्या. एकदा मी म्हटलं, "सुभेदार, ऐकलं त्यांनी." तर म्हणाले, "ऐकलं आसंल. पर तुमी आजून सांगितलं कुठं?"

आणखी तऱ्हा सांगू? दाढीला बसताना पायात बूट असायचे. उसाला पाणी पाजायला निघाले तरी सदऱ्याला इस्त्री. बैलाला शिवी द्यायची तर हिंदीत, कारण घरात बायामाणसं. आणि गाडीबद्दल एक ठाम मत: "चालवनारं कुनीबी चालवतंय साहेब. मान्सं नीट बसवनारा पायजे." फौजेत त्यांनी उमेदीची वर्षं गाड्या हाकण्यात घालवलेली. पुढं मिलिटरीच्या लिलावातनं एक उंच जीप घेतली होती. तिला रुंद टायर बसवले होते, कारण घर गावाबाहेर रानात, आणि उसामधली ती गाडीवाट म्हणजे पावसाळ्यात निव्वळ काळा चिखल. बुटकी गाडी त्यात पोटावर बसली असती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला वहिनी धुणं घेऊन कालव्यावर गेल्या आणि घसरल्या. गुडघा मोडला. चार गड्यांनी बाजेसकट उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं आणि मिरजेला नेलं. प्लास्टर झालं, यथावकाश निघालं, पण गुडघा वाकेना. डॉक्टरांनी बजावलं, दर आठवड्याला यायचं, इथं व्यायाम करून घ्यायचा. दसऱ्यापर्यंत हयगय केलीत तर हा पाय जन्मभर काठीसारखा ताठ राहील. मी जीपमध्ये पुढं बसून गेलेलो, मी हे कानांनी ऐकलेलं आहे.

त्या खेपेला वहिनींना जीपमध्ये चढवायला शेजारच्या बायका आल्या होत्या. एकीनं वरून ओढलं, दुसरीनं खालून रेटलं, आणि ताठ पायाच्या वहिनी मध्येच लोंबकळल्या. पातळ वर सरकलं. रस्त्यानं रानात निघालेले गडी थांबून बघायला लागले, कुणीतरी फिसकन हसलं. सुभेदार गाडीच्या पलीकडं तोंड फिरवून उभे. हात द्यावा तर देता येत नाही, आणि हसणाऱ्याला हाणावं तर आपणच मान वर करून बघितलं असं होतंय. घरी परत आल्यावर वहिनींनी सासूला सांगितलं, नेहमीसारखं मोठ्यानं, पण आवाज फाटलेला: "आत्याबाई, म्या आता मिरजंला जायाची न्हाई. ऱ्हायला पाय ताठ तर ऱ्हाऊ दे. पर माजं आसं गाठुडं करून चढवू नगासा." सोप्यावर खांबाशेजारी सुभेदार बसले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस विटांच्या नादाला लागला. मागच्या दाराबाहेर एक वीट ठेवायची. पुढच्या दिवशी तिच्यावर दुसरी. मग एक काढून तिथं फरशीचा तुकडा. गावात बोभाटा झाला की सुभेदार रोज दाराची पायरी बदलतोय, डोकं फिरलंय. मलाही तसंच वाटलं. सकाळी वहिनी काठी टेकत परसात जायला निघाल्या की हे सोप्यावर डोळे मिटून बसायचे. विचारलं तर तोंडावर बोट. एकदा म्हणाले, "काठी एकदा वाजली तर पाय चढला. दोनदा वाजली तर चढला न्हाई. काल दोनदा वाजली, साहेब. त्येवढं उंच न्हाई चालायचं." बघायला बंदी, विचारायला बंदी, म्हणून हा गृहस्थ कानानं माप घेत होता. वहिनींना कळत होतं का? एक दिवस सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, कालची ईट बरी व्हती." म्हणजे कळत होतं की!

माप ठरलं आणि आमची वणवण सुरू झाली. आमची म्हणतो, कारण प्रत्येक रविवारी मला शेजारी बसवून न्यायचे. उंब्रजला हायवेवरची गॅरेजं झाली, कऱ्हाड झालं, शेवटी सांगली. सांगलीत गाड्या नटवायची दुकानं तेव्हा नुकती निघाली होती. पुढारी आणि ठेकेदार मंडळींना उंच गाड्यांचं वेड लागलेलं. कुणाला चाकावर चिखल अडवणारे रुंद फेंडर लावून हवेत, कुणाला दाराखाली चकाकणारी साइड स्टेप. एसयूव्ही हा शब्द आमच्याकडं पोचायचा होता. उंच असेल ती जीप, एवढंच आम्हाला ठाऊक.

दुकानदारानं लखलखीत पाइपची साइड स्टेप काढली. "ही घ्या सुभेदार. आरशासारखी हाय बघा. सांगलीत सध्या हीच चालतीया."

"आरशात त्वांड बघायचंय का पाय ठिवायचाय?" सुभेदार म्हणाले.

मग त्यांनी दुकानातल्या फुटक्या खोक्याची एक फळी घेतली आणि ती खांद्यावरच्या टॉवेलनं स्वतःच्या गुडघ्याला करकचून बांधली. पाय ताठ झाला. एवढ्यावर थांबतील तर ते सुभेदार कसले? तिथं गाडीवर घालायचं एक कव्हर पडलं होतं, ते त्यांनी कमरेभोवती लुंगीसारखं घट्ट गुंडाळलं.

"अहो, हे काय?" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"गोल पातळात पाऊल केवढं पडतंय, ते बगाया नगो?"

भरघोस मिशांचा, सहा फुटी माणूस, कमरेला गाडीचं कव्हर आणि गुडघ्याला फळी, दुकानापुढं उभ्या असलेल्या एकेका गाडीवर चढतोय आणि उतरतोय. बघ्यांचा हा घोळका! मी पानपट्टीच्या आडोशाला सरकलो, जणू मी यांना ओळखतच नाही. एका गाडीचा मालक, गळ्यात साखळी घातलेला, धावत आला. "ओ काका! काय चाललंय?"

"चढून बगतोय."

"गाडी माजी हाय!"

"व्हय की. पर पायदान दुकानातलं हाय न्हवं?"

आणि तेवढ्यात त्या आरशासारख्या पाइपवरनं त्यांचा पाय सटकला. धाडकन उताणे पडले. लोक खदखदा हसले. मी पळत गेलो, तर जमिनीवरनंच माझ्याकडं बघून समाधानानं म्हणाले, "साहेब, ह्यो न्हाई चालायचा. ती पडली आसती."

मला तिथं रस्त्यातच भरून आलं. जिच्याकडं कधी मान वर करून बघितलं नाही, तिचा गुडघा हा माणूस स्वतःच्या पायाला बांधून हिंडत होता, आणि मी लाजून पानपट्टीआड उभा होतो. मी त्यांना उठवलं आणि पुढच्या दुकानात गुडघ्याला फळी मीच बांधली.

शेवटी दुकानातलं काही पसंत पडलं नाही. वेल्डिंगच्या एका मिस्त्रीला धरलं. अडचण अशी की वहिनींना चढायचं तर पायदान खाली पाहिजे, आणि खाली घ्यावं तर उसातल्या चाकोरीत ते आपटून मोडणार. मिस्त्री म्हणायचा वर घ्या, सुभेदार म्हणायचे खाली घे. एक अख्खी दुपार दोघं एकमेकांवर ओरडत होते. त्या ओरडण्यातनं बिजागरीचं पायदान निघालं. चढताना खाली सोडायचं, निघताना उचलून अडकवायचं. ती कल्पना कुणाची, यावरून पुढं दोघांत कायम भांडण राहिलं. वर भोकं पाडलेला पत्रा, पाय घसरू नये म्हणून. आणि दाराच्या कडेला धरायला एक जाडजूड कडी.

आता राहिले फेंडर. रुंद टायर मडगार्डच्या बाहेर आलेले, त्यामुळं चिखल नेमका पायदानावर उडायचा. सुभेदार त्याला म्हणायचे चाकाची पडवी. "घराला पडवी नसली तर पायरी भिजती, तसंच हाय हे." फायबरचे फेंडर बघितले. दिसायला देखणे, पण अरुंद. ते परत केले. मग त्यांनी साखर कारखान्याच्या भंगारातला, माल वाहणाऱ्या पट्ट्याचा जाड रबर आणला, कापला आणि चारी चाकांवर नटबोल्टानं आवळला. काय ते ध्यान दिसायचं! गावातली माणसं म्हणायची, सुभेदाराच्या जीपला हत्तीचं कान फुटलंत. सुभेदारांना त्याचं काही नाही. पायदानावर पांढरं धोतर बांधून त्यांनी कालव्याच्या कडेनं, चिखलातनं, गाडी हाणली, परत येऊन धोतर सोडलं आणि अंगणात ते झेंड्यासारखं उंच धरलं. एक डाग नाही. त्या दिवशी खांबाला सांगितलं, "गड्या, तयारी झालीया. आता कुनाला हात लावाया नगो आन् कुनी बगाया नगो. आपलं आपन चढायचं."  आतनं पळी वाजली.

मिरजेचा दिवस ठरला तो खंडेनवमीचा. डॉक्टर दसऱ्यासाठी त्याच दुपारी बाहेरगावी जाणार होते आणि त्या सकाळी या म्हणाले होते. खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा. म्हणजे पूजा उरकायची आणि निघायचं. पहाटेच जीप धुतली. झेंडूची माळ घातली. म्हातारीनं चाकांना, त्या रबरी फेंडरना, स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं. सुभेदारांनी नारळ फोडला. आणि मग, सगळं जग बॉनेटला नमस्कार करतं तिथं हा माणूस गाडीच्या कडेला गेला, मातीत गुडघे टेकले, बिजागरीचं पायदान खाली सोडलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून त्यावर कपाळ टेकवलं. चांगला वेळ टेकवलं. उठले तेव्हा कपाळाला पत्र्याच्या भोकांचे वळ होते.

वहिनी दारात काठी धरून उभ्या होत्या, मिरजेसाठी ठेवणीतलं पातळ नेसून. त्यांनी हे बघितलं.

मी म्हटलं, "चला वहिनी, उशीर होतोय." त्या आल्या, पायदानापाशी थांबल्या. पाय उचलेनात. मला वाटलं, उंची चुकली. सुभेदारांनाही तेच वाटलं असणार, कारण ते वाकून बिजागरी चाचपायला लागले.

"आत्याबाई," वहिनी म्हणाल्या, "थोरल्या भावजींनी जितं डोस्कं टेकलं, तितं म्या पाय ठिवू व्हय? पाय झडंल माजा."

म्हातारीनं मान डोलावली. "खरं हाय बाय तुजं."

सुभेदार माझ्याकडं वळले. "साहेब, त्यास्नी सांगा, पुसून काडतो." आणि खांद्यावरच्या टॉवेलनं कुंकू पुसलंही. खंडेनवमीच्या दिवशी, वाहिलेलं कुंकू!

"आत्याबाई, कुकू पुसलं. टेकल्यालं डोस्कं पुसतंय व्हय?"

मी माझ्या परीनं बोललो. म्हटलं वहिनी, लोखंडच आहे ते शेवटी. म्हटलं देव सगळं समजून घेतो. वहिनींच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, पण पाय जागचा हलला नाही. मला राग आला, खरं सांगतो. दोघांचाही. एवढं सगळं करायचं आणि शेवटी स्वतःच कपाळ टेकवून त्यावर पाणी ओतायचं, याला काय म्हणावं! तिकडं डॉक्टर दुपारी निघून जाणार, आणि इकडं एका ताठ गुडघ्यापुढं तीन माणसं अंगणात खिळून उभी. म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा, नशीब तिचं."

ते ऐकलं आणि सुभेदारांनी मान वर केली. माझ्याकडं वळले नाहीत. सरळ वहिनींकडं बघितलं.

"पोरी," ते म्हणाले.

वहिनी दचकल्या. इतक्या वर्षांत त्या आवाजानं त्यांना कधी हाक मारली नव्हती.

"म्या लोखंडापुढं वाकलो न्हाई गं. तुज्या गुडघ्यासाठनं वाकलो. आता तू पायच ठिवला न्हाईस, तर त्या देवानं आयकायचं कुठनं?"

 म्हातारीनं पदर तोंडाशी धरला. वहिनींनी डोळे पुसले, काठी माझ्या हातात दिली, कडी धरली आणि चांगला पाय पायदानावर ठेवला. मग दुसरा ओढून घेतला. एकदाही अडखळल्या नाहीत. कुणाचा हात लागला नाही, पातळ जागचं हललं नाही, आणि त्या सीटवर जाऊन नीट टेकून बसल्या.

पुढं मिरजेच्या फेऱ्या चालू राहिल्या. गुडघा सुटला, मांडी घालण्याइतका नाही, पण एकट्यानं एसटीत चढण्याइतका. माझी बदली होईपर्यंत तरी ती दोघं पुन्हा थेट बोललेली मी ऐकली नाहीत. घरात आपला तोच खांब आणि तीच पळी. पण त्या खंडेनवमीच्या सकाळी सुभेदार पायदान उचलून अडकवायला वाकले, तेव्हा वरनं, पदराआडनं, म्हातारीला उद्देशून नाही आणि मलाही नाही, असा आवाज आला:

"भावजी, दार लावा."

सुभेदार तसेच वाकलेले राहिले. मग उठले, दोन्ही हातांनी दार धरलं आणि झोपलेल्या लेकराशेजारचं लावावं इतकं हळू लावलं. ते लागलंच नाही. वहिनींनी ते पुन्हा उघडलं आणि आतनं जोरात ओढून घेतलं.